राखाडी माशी

केरूच्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. ते जानेवारीत आलं होतं. त्यानंतर उन्हाळा गेला, पावसाळा गेला, दिवाळी झाली, नाशिकला पुन्हा थंडी पडली, तरी नाही. पत्रात अवघड असं काही नव्हतं. हो किंवा नाही, एवढंच लिहायचं होतं. सरू म्हणायचीसुद्धा, "अहो, पोस्टकार्डावर लिहिलंत तरी जागा उरेल."

प्रश्न असा होता: या मार्चमध्ये तुझी एक माशी टोकासकट पाण्यात टाकू का?

कुणालाही हा प्रश्न विचित्र वाटेल, म्हणून आधी माशीबद्दल सांगायला हवं. नीट सांगता येईल की नाही, माहीत नाही. मी आयुष्यभर दुसऱ्यांची पुस्तकं कपाटात लावली. एका वाचनालयात ग्रंथपाल होतो. लोकांशी बोलायची वेळ आली की मी एखादं पुस्तक पुढे करायचो.

निवृत्त झालो त्या वर्षी केरूनं हिमाचलातून एक पार्सल पाठवलं. केरू पिंगळे हा माझा मखमलाबादच्या शाळेतला वर्गमित्र. पुढे तो इंजिनिअर झाला, धरणाच्या कामावर तिकडे गेला, तिकडचीच मुलगी केली आणि तीर्थन नदीच्या काठी घर बांधून राहिला. पार्सलमध्ये टेबलाला लावायची एक छोटी पकड होती, रेशमी दोऱ्याची रिळं होती, भाताच्या दाण्याएवढे गळ होते आणि चित्रांचं एक जुनं इंग्रजी पुस्तक होतं. सोबत चिठ्ठी: "निवृत्त्या, नावासारखा निवृत्त झालास, आता हातांना काम दे. इथल्या नदीत ट्राउट नावाचा मासा आहे. तो पाण्यावर उतरणारे किडे खातो. गळावर दोरा आणि पिसं गुंडाळून तसा किडा करायचा. त्याला आम्ही माशी म्हणतो. पुस्तकात सगळं आहे. तुला पुस्तकातलं जमतं."

आता मी माळकरी. आमचं घर फुलं आणि भाजी पिकवणारं, वडील, म्हणजे आमचे आप्पा, सकाळी झेंडू आणि कोथिंबीर घेऊन बाजारात जायचे, पण गळ्यात तुळशीची माळ. मी अकरा वर्षांचा असताना माझ्याही गळ्यात ती आली. मी अंडंसुद्धा कधी खाल्लेलं नाही. आणि आता मासे मारायचं हत्यार बांधायचं? पार्सल मी महिनाभर पलंगाखाली ठेवलं. मग एका दुपारी पुस्तक उघडलं, आणि पुस्तक उघडलं की माझं काही खरं नसतं.

पुस्तकात एका किड्याचं चित्र होतं. थंडी सरता सरता, बर्फाचं पाणी वाहत असतानाच, भर दुपारी तो पाण्यातून वर येतो. पंख धुरकट, अंग ओल्या राखेच्या रंगाचं. तो बांधायला राखाडी कोंबड्याच्या मानेची पिसं लागतात. माझ्या पुतण्याच्या द्राक्षबागेत हिवाळ्यात कामाला येणारा सुरगाण्याचा बहिरू होता. त्याच्या घरी तसा कोंबडा निघाला. पुढच्या खेपेला त्यानं फडक्यात बांधून मूठभर पिसं आणली आणि माझ्या गळ्यातल्या माळेकडे बघून आपणहून म्हणाला, "गळल्याली हायेत बाबा, उपटल्याली नाय."

तेवढ्यानं मला बरं वाटलं. आपण तर फक्त दोरा गुंडाळतो, असं मी स्वतःला समजावलं. सरूला मात्र ते पटलं नाही.

"कोंबडीची पिसं घरात?" ती म्हणाली.

"कोंबड्याची."

"मग काय आरती ओवाळू?"

पण तिनं खिडकीजवळचं टेबल मोकळं करून दिलं. गंगापूर रोडच्या आमच्या घरात तिथंच सकाळचं ऊन येतं. पुढची सहा-सात वर्षं मी त्या उन्हात बसून माश्या बांधल्या. सुरुवातीच्या इतक्या वाईट होत्या की सरू म्हणाली, हे पाण्यात टाकलं तर मासे हसून मरतील, तुम्हाला पाप लागायचं नाही. हळूहळू हात बसला. दर फेब्रुवारीत मी औषधाच्या गोळ्यांच्या डबीत माश्या भरून केरूला पाठवायचो, कारण तिकडे मार्चच्या पहिल्या तारखेला मासेमारी सुरू होते. एप्रिलमध्ये त्याचं पत्र यायचं. "तुझ्या राखाडीवर दीड पौंडाचा आला." "काल चार आले, चारही राखाडीवर." "बाजारच्या माश्या फेकून द्याव्यात असं वाटतं."

ती पत्रं मी दोन-तीनदा वाचायचो. खरं सांगायचं तर जास्त. मग एकादशी यायची आणि उपासाचा फराळही जायचा नाही. दीड पौंडाचा जीव माझ्या बोटांनी मारला, हे डोक्यातून जायचं नाही. आणि दुसऱ्या दिवशी मी पुन्हा टेबलाशी. मला या दोन्ही गोष्टींची लाज वाटायची. कुणाला बोललो नाही.

केरू दर वर्षी बोलवायचा. मी दर वर्षी काहीतरी कारण सांगायचो. शेवटी सरूनंच तिकीट काढायला लावलं. "जा एकदाचे," ती म्हणाली. "पुस्तकातली नदी बघून बघून डोळे गेले तुमचे." ते साल अठ्ठ्याण्णव. मार्चचा पहिला आठवडा.

बसमधून उतरलो तेव्हा केरू रस्त्यात उभा होता. डोक्यावर हिमाचली टोपी, अंगावर पट्टू म्हणजे तिकडची जाड लोकरी शाल, आणि तोंडात मखमलाबाद जसंच्या तसं.

"काय रे, मफलर किती गुंडाळलेत? सरूवहिनींनी गाठोडं पाठवलंय का माणूस?"

"थंडी लय आहे," मी म्हणालो. माझे दात वाजत होते.

"लय! ऐका. ग्रंथपाल लय म्हणाले." तो इतका हसला की बसचा कंडक्टरही हसायला लागला.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुमारास आम्ही नदीवर गेलो. सकाळी जाऊन उपयोग नाही, केरू म्हणाला, पाणी इतकं गार असतं की मासे तळाशी दगडासारखे पडून राहतात. ऊन पाण्यावर आलं की किडे उठतात आणि मग थोडा वेळ सगळं जागं होतं. काठावर सावलीत अजून बर्फ होतं. पलीकडच्या उतारावर जर्दाळूची झाडं पान नसताना फुललेली. मी हात पाण्यात घातला आणि झटकन काढला. गार नव्हे, चावल्यासारखं वाटलं.

केरूनं मांडीपर्यंतचे रबरी बूट घातले होते. एक पानगळ झालेला अक्रोड पाण्यावर वाकला होता आणि त्याच्याखाली हिरवट काळा डोह होता. केरूनं मला दगडावर बसवलं.

"गप बस. वाचनालयात बसवायचास तसा."

आणि मग ते किडे आले. माझं पुस्तकातलं चित्र पाण्यातून वर आलं. एक, मग दोन, मग जागोजागी. धुरकट पंख उभे करून ते पाण्यावरून होडीसारखे चालले होते. मी सात वर्षं जो किडा बांधत होतो तो मी पहिल्यांदा पाहत होतो, आणि माझी एक चूक माझ्या लक्षात आली: मी पंख जरा लांब ठेवत होतो. हे केरूला सांगावं म्हणून मी तोंड उघडलं, तेवढ्यात त्यानं काठी मागे नेली. पिवळी दोरी हवेत मागे उलगडली, पुढे उलगडली, आणि माझी राखाडी माशी अक्रोडाच्या फांदीखाली अलगद उतरली. खऱ्या किड्यांमध्ये मिसळून गेली. मलासुद्धा ती वेगळी ओळखता येईना.

पाणी फुगलं. त्यातून एक तपकिरी डोकं वर आलं, पांढरं तोंड उघडलं आणि एक किडा आत गेला. तो माझा होता.

काठीचा शेंडा वाकला. दोरी ताणली गेली. पाण्याखाली काहीतरी सोनेरी वळलं, त्याच्या कुशीवर लाल ठिपके होते, आणि ते जिवंत होतं. हे मला कसं सांगावं कळत नाही. मी इतकी वर्षं मासा हा शब्द लिहिला होता. त्या दोरीच्या दुसऱ्या टोकाला कुणीतरी होतं.

"सोड!" मी ओरडलो. कधी उठलो, कधी बुटांसकट पाण्यात शिरलो, कळलं नाही. मी केरूचा हात धरला होता. "सोड त्याला! केरू, सोड!"

दोरी सैल पडली. मासा गेला होता.

केरू सावकाश दोरी गुंडाळत म्हणाला, "सोडला की. आधी बाहेर निघ, पाय झडतील."

त्यानं मला ओढून काठावर आणलं, माझे बूट काढले, पायांवर आपलं पट्टू टाकलं. आणि मग दोरीच्या शेवटाला असलेली माशी माझ्या तळहातावर ठेवली.

ती माझीच होती. पिसं माझी, दोरा माझा, गाठ माझी. पण गळ नव्हता. गळाचा वाकडा भाग जिथं सुरू होतो तिथंच तो पक्कडीनं कापलेला होता. राहिली होती नुसती सरळ काडी.

"हे तुटलं?" मी विचारलं.

"तोडलं."

"कधी?"

"आल्या आल्या. दर वर्षी डबी आली की बसतो पक्कड घेऊन. पहिल्या डबीपासून." तो माझ्याशेजारी बसला. "मासा येतो, तोंडात घेतो, जरा ओढतो. त्याला कळतं हे खोटं आहे, थुंकतो. आपण म्हणायचं, आला. झालं."

"आणि तू मासे खातोस ते?"

"ते बाजारच्या माश्यांवर. त्यांना टोक असतं. तुझ्या वेगळ्या डबीत असतात."

मी ती काडी बोटांत फिरवत राहिलो. केरूला ते कसंतरी वाटलं असावं. तो दगडावर बोट घासत म्हणाला, "तुला माळ घातली तेव्हा मी तिथं होतो ना. सप्ताहाचा शेवटचा दिवस होता. तुझ्या आप्पांनी मला बाजूला घेतलं. म्हणाले, केरू, तू याला सोमेश्वरच्या खाली नदीवर गळ टाकायला नेतोस. याच्या हातून जीव जाऊ देऊ नकोस. माझा हात त्यांच्या हातावर ठेवून घेतला. मला काल्याच्या लाह्या पाहिजे होत्या. मी म्हटलं, हो."

"पन्नास वर्षं झाली त्याला."

"मग? त्यांनी मुदत कुठं सांगितली होती?"

एखाद्या चांगल्या माणसानं तिथं मित्राच्या गळ्यात पडायला हवं होतं. सात वर्षांचं ओझं एका क्षणात उतरलं होतं. एकही जीव माझ्या हातून गेला नव्हता, आणि तो जाऊ नये म्हणून एक मासेखाऊ माणूस दर फेब्रुवारीत पक्कड घेऊन बसत होता. पण मी तेव्हा काय म्हणालो ते ऐका. मी म्हणालो, "म्हणजे माझ्या माशीनं आजवर एकही मासा पकडलेला नाही?"

"एकही नाही."

"मग ती चांगली आहे हे कशावरून?"

माझा आवाज चढला होता. मी चिडलो होतो. मला माझाच आवाज ऐकून इतका धक्का बसला की मी तोंडावर हात ठेवला. माझा एक हात मफलरच्या आत माळेवर गेलेला होता, आणि मी एकही मासा मेला नाही म्हणून रागावलो होतो.

केरू हसला नाही. डोहाकडे बघत म्हणाला, "आत्ता आला तो अक्रोडवाला. इथला सगळ्यात मोठा. तीन वर्षं झाली, मी त्याच्यावर जगातल्या सगळ्या माश्या टाकल्या. ढुंकून बघत नाही. फक्त तुझ्या राखाडीला येतो. आता तूच सांग, ती चांगली आहे का."

बाकीचे दिवस आम्ही नदीवर गेलो नाही. तब्येतीचं कारण सांगून मी दोन दिवस आधीच निघालो. बसमध्ये चढताना केरू म्हणाला, "डबी पाठवशील ना?" मी मान हलवली. पाठवलीही, पुढच्या फेब्रुवारीत. पंख थोडे आखूड करून.

त्यानंतरच्या जानेवारीत, सन दोन हजारला, ते पत्र आलं.

केरूचे डोळे चालले होते. काचबिंदू. डावा गेलाच होता, उजवा डॉक्टरांच्या मते फार तर एक-दोन हिवाळे. एवढं त्यानं दोन ओळींत उरकलं होतं. पुढे लिहिलं होतं: "अक्रोडवाला अजून आहे. मला तो एकदा हातात धरायचाय. दिसतंय तोवर. तो तुझ्या माशीशिवाय येत नाही आणि तुझ्या माशीचं टोक मी आप्पांच्या शब्दाखातर तोडतो, म्हणजे आली का पंचाईत. म्हणून विचारतो. या मार्चमध्ये तुझी एक माशी टोकासकट पाण्यात टाकू का? धरून सोडून देईन असं खोटं वचन देत नाही. इतक्या गार पाण्यात भांडून दमलेला मासा सोडला तरी जगेलच असं नसतं. तू हो म्हणालास तरच टाकीन. तूच सांग."

पत्र मी दोनदा घडी घालून दोनदा उघडलं. हो म्हणावं, तर आप्पांचा चेहरा समोर येई. नाही म्हणावं, तर केरूचा. आणि सगळ्यात वाईट म्हणजे, मनाच्या तळाशी मला हो म्हणायचं होतं, आणि ते केरूसाठी आहे की माझ्या माशीचं नाव व्हावं म्हणून, हे मला ठरवता येईना. त्या दगडावरचा माझा चढलेला आवाज मी विसरलो नव्हतो.

शेवटी मी माझ्या स्वभावाला शोभेल तेच केलं. डबी पाठवली, पण पत्र लिहिलं नाही. मनात म्हटलं, केरू काय आपल्या होकारासाठी थांबणार आहे? लहानपणापासून त्यानं कधी कुणाचं ऐकलंय? त्याला टाकायची तर टाकेल. झालं गेलं की कळवेल. म्हणजे मासाही मिळेल, आणि हो मी म्हणालेलो नसेन.

एप्रिलमध्ये त्याचं पत्र आलं नाही. मी समजून चाललो की त्यानं अक्रोडवाला धरला आणि मला सांगायला त्याला अवघड वाटतंय. त्याला आणि मला दोघांनाही मी मनातल्या मनात माफ करून टाकलं.

मग या फेब्रुवारीत, एका सकाळी मी टेबलाशी बसलो असताना फोन वाजला. सरूनं घेतला आणि मला हाक मारली. "केरूभाऊजींची निकिता."

निकिता ही त्याची मुलगी, कुलूला शिक्षिका आहे. तिचं मराठी बापाकडून आलेलं आणि अर्धं हिंदी.

"काका, पापांना माहीत नाहीये मी फोन केला ते. एक विचारू? तुम्ही नाराज आहात का त्यांच्यावर?"

"मी? नाही गं. का?"

"मागच्या मार्चला ते रोज नदीवर गेले. म्हणजे रोज. ऊन असो, बर्फ पडू दे. काठी घेऊन अक्रोडाखाली बसायचे आणि तसेच परत यायचे. एक बार भी नहीं डाला, काका. मी म्हटलं, पापा, टाका ना. तर म्हणतात, नाशिकचं उत्तर आलेलं नाही."

मी रिसीव्हर दुसऱ्या कानाला लावला.

"मला वाटलं काही जमिनीचं वगैरे असेल. काल मम्मीनं सांगितलं कशाचं उत्तर ते. काका, पोस्टमन आला की अजून उठून बाहेर जातात. आता त्यांना चेहरा दिसत नाही, सावली दिसते फक्त. पाण्यावरची चमक दिसते म्हणतात. पुढच्या साली ती पण नाही दिसणार. तुम्ही ना म्हणालात तरी चालेल. पण काहीतरी सांगा ना त्यांना. हा महिना संपला की सीझन सुरू होतो."

फोन ठेवला तेव्हा मला बसायला खुर्ची सापडेना. ती मागेच होती.

"काय झालं?" सरू म्हणाली.

"त्यानं टाकलीच नाही."

"काय टाकली नाही?"

"माशी. तो वर्षभर थांबलाय."

सरूला पत्रातला प्रश्न माहीत होता. मीच वाचून दाखवला होता. ती ओट्याजवळून म्हणाली, "आणि तुम्ही म्हणायचात, केरू कुणाचं ऐकत नाही."

"हो."

"तुमच्या आप्पांचं ऐकतोय तो पन्नास वर्षं."

मी टेबलाशी जाऊन बसलो. दोरा गळावर टिकेना. सरू आली, तिनं चष्मा लावला आणि दोऱ्याचं दुसरं टोक धरून उभी राहिली. दोन माश्या बिघडल्या. तिसरी झाली. राखाडी, आखूड पंखांची. मी आजवर बांधलेल्यांत ती सगळ्यात चांगली होती, हे मला बांधतानाच कळत होतं, आणि तरी यावेळी छाती फुगली नाही.

मी ती पकडीतून सोडवली. वाटलं, इतक्या वर्षांत आपण या टोकाला कधी हात लावून पाहिलेला नाही. मी अंगठा टेकवला. जरा दाबला. का दाबला, सांगता येणार नाही. टोक आत गेलं, आणि मी दचकून हात मागे घेतला तर ते आणखी आत गेलं. गळाच्या टोकामागे उलटा दात असतो, आत गेलेलं बाहेर येऊ नये म्हणून. पुस्तकात त्याचं चित्र होतं. त्याचं नावही मला पाठ होतं.

"आई गं!" मी ओरडलो. इतक्या मोठ्यानं की वरच्या मजल्यावरून कुणीतरी काय झालं म्हणून विचारलं.

"ओढू नका, ओढू नका!" सरूनं माझं मनगट धरलं. "थांबा. हलू नका ना!"

मला थांबता येईना. सगळं अंग त्या एका जागी गोळा झालं होतं. मी हात ओढत होतो आणि जितका ओढत होतो तितकं ते घट्ट होत होतं. शेवटी सरूनं गळ खाली दाबून, जसा गेला तसाच मागे सरकवून काढला. माशीच्या पंखांना रक्त लागलं. ती म्हणाली, "एवढासा आणि एवढं दुखतं?" तिचा चेहरा उतरला होता. मला वाटतं तेव्हा आम्हा दोघांच्याही डोळ्यांसमोर तोच होता, पाण्याखाली वळणारा.

आता नाहीच म्हणायचं, असं मला त्या क्षणी वाटलं. मी तसं बोललोही.

सरू अंगठ्याला हळद लावत होती. "मग नाही लिहा," ती म्हणाली. "पण लिहा."

मी कागद घेतला. नाही लिहायला बसलो. तेव्हा मला अक्रोडाखाली बसलेला केरू दिसला. हातात काठी, डबीत माझ्या माश्या, खिशात पक्कड. तो मोठा मासा समोर वर येतोय, राखाडी किडे खातोय, आणि हा माझ्या एका शब्दासाठी हात बांधून बसलाय. रोज. एक डोळा घेऊन. माझ्या गळ्यात माळ होती आणि ती पाळत होता तो.

मी पक्कड घेतली. गळाचा उलटा दात दाबून सपाट केला. टोक तसंच ठेवलं. अशानं मासा हाताशी येऊ शकतो, निसटूही शकतो, आणि आला तर चटकन सुटतो. रक्त लागलेले पंख ओल्या कापसानं पुसले. ते पूर्ण निघालं नाही. मग लिहिलं. निकिता वाचून दाखवेल, म्हणून मोठ्या अक्षरांत.

"केरू, टाक. टोकासकट टाक. आप्पांना तू दिलेला शब्द मी त्यांचा मुलगा म्हणून परत घेतो. त्यांना काय सांगायचं ते मी बघेन. जे होईल ते माझ्या हातून झालं असं धर, कारण बांधली मी आहे. दात दाबून टाकलाय. तो अंगठ्यात गेला तेव्हा मी लहान मुलासारखा ओरडलो, म्हणून. अक्रोडवाल्याला धर. पुढे त्याचं काय करायचं, ते तू ठरव. मी वर्षभर गप्प बसलो. मला वाटलं होतं तू थांबणार नाहीस. तुझा, निवृत्ती."

माशी गोळ्यांच्या डबीत ठेवली, डबी पाकिटात. सरूनं पत्ता तपासला आणि पायात चप्पल सरकवली. एरवी ती माझ्याबरोबर पोस्टात येत नाही.

खिडकीमागच्या माणसानं पाकीट वजनावर ठेवलं, हलवून पाहिलं. आत खडखडलं.

"काय आहे आत?"

मला नेहमीसारखं काही सुचेना. "माशी," मी म्हणालो.

त्यानं माझ्याकडे पाहिलं, मग सरूकडे. "जिवंत नाही ना?"

"नाही हो," सरू म्हणाली. "टाका लवकर. महिना संपायच्या आत पोचलं पाहिजे."

त्यानं स्पीड पोस्टची चिठ्ठी चिकटवली, शिक्का उचलला आणि धाडकन हाणला. मी दचकलो. त्यानं पाकीट मागच्या पोत्यात टाकलं. अंगठा ठणकत होता.